दर्शनी बरणी

अंड्याच्या टरफलांचं तू नक्की करतेस काय, हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की उत्तर आता पाठ झालंय. टरफलं धुवायची, आतला पातळ पापुद्रा नखाने सोलायचा, वाळवायची, दळायची आणि नऊशे अंशांच्या भट्टीत भाजायची. बाहेर निघतो तो कळीचा चुना. तळून उरलेल्या तेलात तो आणि मिथेनॉल घालून, गरम ठेवून ढवळत राहिलं की तेलाचं बायोडिझेल होतं. चुना स्वतः डिझेल होत नाही, तो नुसतं दोघांचं जमवून देतो. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा, फरक इतकाच की हा जेवायला थांबत नाही. शास्त्रात त्याला उत्प्रेरक म्हणतात. एवढं सांगितलं की लोक म्हणतात, "अरे वा, म्हणजे कचऱ्यातून इंधन!" आणि माझं डोकं तडकतं, कारण हे वाक्य सरांचं आहे.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगायला जमेल असं वाटत नाही. विद्यार्थ्यांशी कधी वाकडं बोलत नाहीत, आजारी पडलं तर घरी फोन करून चौकशी करतात. फक्त ऐकत नाहीत. म्हणजे कान चांगले आहेत, मान डोलावतात, "बरोबर, बरोबर" म्हणतात, पण तुमचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

टरफलं मला आत्या पुरवते. मी तिच्याकडेच राहते. ती एका कारखान्याच्या कँटीनचं स्वयंपाकघर सांभाळते, तिथे रोज अंड्यांचे ट्रेच्या ट्रे फुटतात. संध्याकाळी ती पिशवी भरून टरफलं आणते आणि टीव्ही बघत बघत पापुद्रे सोलते. तळून उरलेलं तेलही तीच आणते. "तुझ्या डॉक्टरकीत निम्मी मी आहे," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते आणि मी वाद घालत नाही.

पहिल्या खेपेला सगळं असं झकास जमलं की मलाच खरं वाटेना. भट्टीतून निघालेली पूड थंड होते न होते तोच मी वापरली. ढवळून झाल्यावर सगळं गाळून तोटीच्या उभ्या नरसाळ्यात ओतलं, तर थोड्याच वेळात वर सोनेरी, पारदर्शक डिझेल आणि खाली मधासारखं गडद ग्लिसरीन. मधली रेघ पट्टीने आखावी तशी. सर आले, नरसाळ्याकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "कचऱ्यातून इंधन!" मीही खुळ्यासारखी हसले. नेमका तिथेच घात झाला.

कारण दुसऱ्या दिवसापासून पाहुणे सुरू झाले. आमच्या इमारतीत कुणीही आलं, दुसऱ्या कॉलेजचे प्राध्यापक असोत, शाळेची सहल असो, नाहीतर झेरॉक्स मशीनवाला असो, सर त्याला धरून आमच्या प्रयोगशाळेत आणत. मी उरलेली पूड घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून ठेवली होती. सर ती बरणी उचलत, झाकण फिरवत, पाहुण्यापुढे धरत आणि म्हणत, "घ्या, बोटाने बघा. काय वाटतंय? टाल्कम पावडर ना? काल ही कुणाच्या तरी नाश्त्यात होती!" पाहुणे चिमूट घेत, बोटं चोळत, वास घेत. एकाने तर जिभेला लावली आणि मग बराच वेळ बेसिनपाशी खाकरत उभा राहिला. या सगळ्यात बरणी उघडी ती उघडीच.

इकडे माझं गणित बिघडत गेलं. दुसऱ्या खेपेला डिझेल कमी निघालं, तिसऱ्याला त्याहून कमी, आणि नंतर नंतर तर नरसाळ्यात थर पडायचेच बंद झाले. नुसता ताकासारखा पांढुरका घोळ. मी तेलावर संशय घेतला, तेल उकळून त्यातलं पाणी घालवलं. मिथेनॉलचा नवा कॅन उघडला. थर्मामीटर बदलला. ढवळणी बदलली. आत्यावरही संशय घेतला, की तिने टरफलं साबणाने धुतली असणार. "साबण? तुझ्या कचऱ्याला मी साबण लावू?" असं म्हणून ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

सर म्हणाले, "हाताला अजून वळण नाही तुझ्या. पहिल्या वेळी कसं जमलं होतं बघ!"

माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा, ज्याला आम्ही सगळे होयबा म्हणतो, तोही म्हणाला, "होय, हाताचंच असतं ते."

मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. दोन वर्षं या एका चुन्यापायी घालवली होती आणि माझ्या हातालाच वळण नव्हतं म्हणे. त्यात पीएच.डी.ची मुदत संपत आली होती. मुदतवाढ द्यायची की नाही हे ठरवायला समिती येणार होती, आणि तिच्यासमोर प्रयोग करून दाखवायचा होता. जमला तर पुढचं वर्ष मिळेल, नाही जमला तर गाशा गुंडाळायचा. दादाने त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात माझ्यासाठी फिरती खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. "शिकून शेवटी बसायचंच आहे ना कुठेतरी," असं तो म्हणाला होता, आणि ते त्याने प्रेमानेच म्हटलं होतं म्हणून जास्त झोंबलं.

कोडं सुटलं ते तराजूवर. दर खेपेला बरणी तोलून मी आकडा वहीत टिपायचे, पण एका सकाळी पूड काढल्यावर सहज मागचे आकडे पाहिले, तर बरणी आधीपेक्षा जड. रोज काढायचं आणि वजन वाढायचं, असं घरातल्या धान्याच्या डब्याचं झालं असतं तर आत्या आनंदाने नाचली असती. मी मात्र मटकन खाली बसले. कळीचा चुना ओलीला हपापलेला असतो. हवा लागली की तो तिच्यातली ओल पितो, हवेतला कर्बवायू खातो आणि हळूहळू पुन्हा टरफलासारखा निर्जीव होतो. पूड हवा खाऊन फुगत होती. बरणी मी तर चमच्यापुरती उघडून लगेच बंद करत होते. मग ही हवा खायला घालत होतं कोण? मी मान वर केली तर समोर सर, एक पाहुणे आणि उघडी बरणी. कुंपणच शेत खात होतं.

पुन्हा भाजली की पूड जिवंत होते, हे खरं. पण भट्टी एकच, आणि तिच्यावर शेजारच्या प्रयोगशाळेतल्या चिनी मातीवाल्यांचा कब्जा. माझा वार आठवड्यातून एकदा, तोही त्यांच्या बशा भाजून झाल्या तर.

मी सरांना सांगितलं. चार वेळा सांगितलं.

पहिल्यांदा तिथल्या तिथे सांगितलं, "सर, झाकण लावूया, हवेने पूड मरते." सर पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बघा, किती जपते!" आणि पाहुणे हसले. दुसऱ्यांदा जिन्यात गाठलं. सगळं नीट समजावलं, ओल, वायू, वजन. "बरोबर, बरोबर," असं म्हणत ते खालच्या मजल्यावर पोचले आणि संध्याकाळी बरणी पुन्हा उघडी. तिसऱ्यांदा मी झाकणावर लाल अक्षरांत चिठ्ठी डकवली, 'कृपया उघडू नये.' सरांनी ती पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवली. म्हणाले, "पण तुमच्यासाठी उघडतो!"

चौथ्यांदा त्यांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, समोर बसले आणि वजनाचे आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून बघितले. "महत्त्वाचं आहे हे," असंही म्हणाले. एवढ्यात फोन आला, त्यांनी मला थांबायची खूण केली आणि फोनवर म्हणाले, "या ना, या! माझ्या मुलीने टरफलांची अशी पूड केलीय, दाखवतो तुम्हाला." माझी मुलगी म्हणतात ते मला. रागवावं तरी कसं? आपलेच दात, आपलेच ओठ.

बरणी मी कपाटात लपवूनही पाहिली. सरांनी होयबाला विचारलं, होयबा म्हणाला होय, आणि बरणी परत पुढच्या टेबलावर.

त्या रात्रीच्या जेवणाला मी पानावर आदळआपट केली तेव्हा आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सांगत काय बसतेस त्यांना? पालथ्या घड्यावर पाणी ते. आपल्या बिस्किटांचं मी काय करते?"

आत्याकडे बिस्किटांचे दोन डबे असतात. एक बाहेर, पाहुण्यांपुढे करायचा, त्यात साधी बिस्किटं. तो कितीही वेळा उघडा, मऊ पडली तरी कुणाचं काही जात नाही. चांगली, लोण्याची बिस्किटं आतल्या फळीवर पिठाच्या मागे, आणि तिथे हात घालायची घरात कुणाची छाती नाही.

"तुझ्या सरांना बरणी उघडायचीय ना? उघडू दे. आत काय आहे ते तू ठरव."

मी आत्याच्या गळ्यातच पडले. इतकी साधी गोष्ट! दुसऱ्या दिवशी मी न भाजलेल्या टरफलांची पूड बारीक दळली, त्याच बरणीत भरली आणि पुढच्या टेबलावर ठेवली. खरी पूड, ताजी भाजलेली, एका लहान तपकिरी बाटलीत घातली, झाकणाला मेण लावलं आणि मागच्या कपाटात, ओल शोषणाऱ्या मण्यांच्या हवाबंद भांड्यात ठेवून दिली.

सरांनी दर्शनी बरणी उघडायला सुरुवात केली. भाजलेली पूड पांढरीशुभ्र असते, न भाजलेली जराशी मळकट, पिवळसर. आयुष्य रसायनशास्त्रात घालवलेल्या माणसाच्या हे नजरेला यायला हवं होतं. आलं नाही. "टाल्कम पावडर ना?" ते विचारत, आणि पाहुणे हो म्हणत. मी मागे उभी राहून गालातल्या गालात हसायचे. माझे प्रयोग पुन्हा जमायला लागले, थर पुन्हा पडायला लागले. सर म्हणाले, "बघ, आलं ना वळण हाताला!" मी म्हटलं, "तुमच्यामुळेच सर," आणि त्या दिवशी आत्याकडची लोण्याची बिस्किटं खाल्ली.

सरांना मी बरण्यांचं काही सांगितलं नाही. सांगून काय, ऐकणार थोडेच होते?

समिती आली. समिती म्हणजे दोन माणसं. एक बाई, बारीक अंगाच्या, केस कापलेले, पर्स पोटाशी धरून सगळीकडे बघणाऱ्या. दुसरे एक वयस्क गृहस्थ, ज्यांचे गुडघे दुखत होते आणि जे ते प्रत्येकाला सांगत होते. सरांनी नवा शर्ट घातला होता. मी पहाटेपासून तेल तापवून, गाळून, मोजून तीन तोंडांच्या काचेच्या चंबूत भरून ठेवलं होतं. सगळं ठरलं होतं. तेल हवं तितकं तापलं की मी मागच्या कपाटातून बाटली आणणार, मेण फोडणार आणि सगळ्यांसमोर पूड घालणार.

मी एका हाताने चंबूला चिमटा आवळत होते, दुसऱ्या हाताने थर्मामीटर धरला होता. सर बोलत होते. नाश्ता, कचरा, इंधन, देशाचं भवितव्य. बोलता बोलता त्यांनी पुढच्या टेबलावरची बरणी उचलली, झाकण काढलं आणि बाईंपुढे धरली. इथवर नेहमीचंच होतं. मग ते म्हणाले, "आज हे शुभकार्य मीच करतो," आणि चमचा बरणीत घातला.

"सर, ती नको," मी म्हणाले.

"थांब गं, पाहुण्यांना नीट बघू दे."

"सर, ती बरणी..."

"घाबरते बिचारी," सर बाईंना म्हणाले आणि चमच्यामागून चमचा चंबूत रिकामा केला. मिथेनॉलही त्यांनीच ओतलं. ढवळणी सुरू केली आणि टाळी वाजवावी तसे हात झटकले.

अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल माझ्या डोळ्यांसमोर चंबूत गरगर फिरत होता. तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण काय ओरडणार? की सर, तुम्ही हातात घेतलीत ती बरणी मी तुम्हाला फसवायला भरलीय? पाहुण्यांसमोर?

सर बाईंना घेऊन बाकीच्या प्रयोगशाळा दाखवायला गेले. मनात आलं, आत्ताच. ते येईपर्यंत खरी पूड आणावी, चंबूत टाकावी, कुणाला कळायचंही नाही. मी कपाटाकडे वळले तर गुडघेवाले गृहस्थ खुर्ची ओढून चंबूसमोरच बसले.

"मी काही जिने चढणार नाही," ते म्हणाले. "इथेच बरं. छान फिरतंय."

त्यांनी चंबूवरून नजर हटवली नाही. मी टेबल पुसलं, पुन्हा पुसलं. होयबाने विचारलं, "तब्येत बरी नाही का?" आणि मी त्याच्यावर अशी खेकसले की तो स्वतःच्या टेबलावर जाऊन गप्प बसला. मला सरांचा राग येत होता, आत्याच्या डब्यांचा राग येत होता आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. गालातल्या गालात हसले होते ना? घे आता.

सर आणि बाई परतले. सगळं गाळून नरसाळ्यात ओतलं आणि वाट बघत उभे राहिलो. मला वाटलं होतं काहीच होणार नाही. झालं त्याहून वाईट. थर पडले. स्वच्छ, सुरेख, दोन थर. खाली पिवळा, वर पाण्यासारखा नितळ.

"आले!" सर म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. "बघा, दोन थर!"

गुडघेवाले गृहस्थ टाळ्या वाजवायला लागले. होयबानेही वाजवल्या.

मी नरसाळ्याकडे बघत राहिले. तेल जड असतं, मिथेनॉल हलकं. काही न होता दोघं नुसती शेजारी ठेवली, तरी तेल खाली आणि मिथेनॉल वर असे थर पडतातच. हे डिझेल नव्हतं. वर मिथेनॉल होतं, खाली आत्याच्या कँटीनचं तेल, जसंच्या तसं. आणि सगळे टाळ्या वाजवत होते. मी तोंड उघडलं नसतं तर कागदावर सही झाली असती, वर्ष मिळालं असतं, आणि खरा प्रयोग तर मला येतच होता. पुढच्या वेळी करून दाखवला असता. मग बिघडलं कुठे? एवढा विचार मी केला, खोटं कशाला बोलू. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या सरांकडे न बघता माझ्याकडे वळल्या.

"वरचा थर कशाचा?"

सर म्हणाले, "अर्थात बायोडि..."

"हिला विचारतेय."

"मिथेनॉलचा," मी म्हणाले.

"आणि खालचा?"

"तेलाचा. काही झालेलं नाही, बाई. दोन्ही जसेच्या तसे आहेत."

सरांचा चेहरा आधी गोंधळलेला, मग असा लाल झाला की मला त्याच्याकडे बघवेना. मग मी सगळं सांगितलं. एका दमात. हवा, ओल, वजन, चार वेळा सांगणं, लाल चिठ्ठी, दर्शनी बरणी, मागचं कपाट. सांगता सांगता आवाज चढला असावा, कारण दारात चिनी मातीवाले येऊन उभे राहिले.

सर खाकरले. "म्हणजे, आम्ही मुद्दामच दोन बरण्या ठेवतो," ते बाईंना म्हणाले. "तुलनेसाठी. एक भाजलेली, एक न भाजलेली."

"मग आज तुम्ही कोणती घातलीत?" बाईंनी विचारलं.

सरांनी हातातल्या बरणीकडे पाहिलं आणि तिचं झाकण घट्ट लावून टाकलं. मला वाटलं होतं हा क्षण आला की माझं काळीज थंड होईल. तसं काही झालं नाही, उलट वाईट वाटलं.

"खरी पूड आहे ना तुझ्याकडे?" बाई मला म्हणाल्या. "मग कर. आम्हाला अजून एक विभाग बघायचाय. निघायच्या आत झालं तर बघते."

ते सगळे गेले. मी बाटलीचं मेण फोडलं. नवं तेल, नवं मिथेनॉल, नवा चंबू. एक चिमूटही सांडली नाही. ढवळणी फिरत राहिली आणि मी तिच्याकडे डोळे लावून बसले. घाई करता येत नाही हीच या कामातली रड आहे. आच वाढवली तर मिथेनॉल उडून जातं.

नरसाळ्यात ओतलं तेव्हा आधी सगळं गढूळ होतं. मग खालून गडद धार गोळा व्हायला लागली. वरचं हळूहळू निवळलं, सोनेरी झालं. मधली रेघ पुन्हा तशीच, पट्टीने आखलेली.

दार उघडलं. सर एकटेच होते. त्यांनी नरसाळं पाहिलं आणि दारातच ओरडले, "झालं की! थांब, थांब, बोलावतो त्यांना!" आणि या वयात ते जिन्यावरून धावत खाली गेले. मी खिडकीतून पाहिलं. समितीची गाडी फाटकाबाहेर वळत होती. सर तिच्यामागे थोडं पळाले, हात हलवला, मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

वर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. माझ्या स्टुलावर बसले. नवा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"झाकणाचं तू मला सांगायला हवं होतंस," ते म्हणाले.

"चार वेळा सांगितलं, सर."

"मला?"

"तुम्हाला. एकदा तर तुमच्या खोलीत, दार लावून."

ते विचारात पडले. खरोखर आठवून बघत होते, कपाळाला आठ्या घालून. "नाही गं," ते शेवटी म्हणाले. "मला खरंच आठवत नाही."

ते खोटं बोलत नव्हते. तेच सहन होईना. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडायची सगळी तयारी मी कित्येक दिवस करून ठेवली होती, वाक्यंसुद्धा ठरली होती. ज्याला माझं बोलणं ऐकूच आलं नव्हतं त्याच्याशी भांडायचं कसं, हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाव बघून ते ताठ झाले. "बाई," मला कुजबुजून म्हणाले आणि फोन उचलला. "हो हो, झालं! उत्तम झालं! फोटो पाठवतो. काय? पूड मरते कशी? त्याचं असं आहे बाई, हा चुना हवेतली ओल पितो. वायू खातो. वजन वाढतं त्याचं. म्हणून झाकण उघडायचं नाही, हे तर मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो."

शब्द न् शब्द माझा होता. ओल, वायू, वजन, त्याच क्रमाने. म्हणजे जिन्यातलं ते सगळं कुठेतरी जाऊन पडलं होतं तर, फक्त माझं नाव वाटेत गळलं होतं.

"सर, फोन द्या इकडे," मी म्हणाले.

असं मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. त्यांनी फोन दिला नाही, पण दचकून स्पीकर सुरू केला आणि आमच्या दोघांच्या मधे धरला.

"बाई, मी बोलतेय," मी म्हणाले. "हे मी शोधलं. बरणी तोलून. सर विद्यार्थ्यांना असं कधीच सांगत नाहीत, मीच सरांना सांगत होते."

पलीकडे गाडीचा हॉर्न ऐकू आला. मग बाई म्हणाल्या, "ते सकाळीच कळलं मला. आता नीट सांग, किती हवा लागली की किती कमी निघतं? मोजलंयस?"

मोजलं होतं. मी सांगायला लागले. पहिल्या खेपेपासून घोळ झालेल्या खेपेपर्यंत, प्रत्येक वजन आणि त्यासमोर निघालेलं डिझेल. बाई मधे मधे विचारत होत्या आणि मी उत्तरं देत होते. कुणी ऐकत असलं की बोलणं किती सोपं असतं हे मी विसरूनच गेले होते. सर फोन धरून उभे होते आणि प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. "बरोबर," ते म्हणत होते. "बरोबर."

"मुदत वाढवून देतोय," बाई शेवटी म्हणाल्या. "यात तुझं खरं काम टरफलांचं नाहीये, हे हवेचं आहे. पुढचं वर्ष त्याच्यावर घाल. आणि पुढच्या वेळी बरणी तू उघडायची. दुसरं कोणी नाही."

"अर्थातच!" सर फोनमध्ये मोठ्याने म्हणाले. "मी तर पहिल्यापासून हेच म्हणतोय!"

फोन बंद झाला. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तेही खोटं नव्हतं. "बघ," ते म्हणाले, "तुला म्हटलं होतं ना, मन लावून समजावलं की लोक ऐकतात."

माझं वर्ष वाचलं होतं. दादाची खुर्ची रिकामी राहणार होती. मी बेसिनपाशी गेले, नळ पूर्ण सोडला आणि तो पहिला, तेलकट चंबू घासायला घेतला. इतक्या जोराने घासला की होयबा लांबूनच म्हणाला, फुटेल तो.